आमच्यासाठी खोली खाली केली ती रात्र

आमच्या ह्यांना आमच्या पहिल्या रात्रीची गोष्ट सांगायला फार आवडतं. बारशाला सांगतात, गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटताना सांगतात, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला सांगितली, देवाशप्पथ. सगळे कावळ्याची वाट बघत बसलेले आणि ह्यांचं सुरू. "आमच्यासाठी अख्खी चाळ गॅलरीत झोपली होती, माहितीय?" मग डोळा मारायचा. मग आवाज खाली आणून, "दोघं नुसते मांजरासारखे! हूं नाही की चूं नाही!" की सगळे बाप्ये हसणार, एखादा मांडीवर थाप मारणार, एखादा म्हणणार, "वस्ताद आहात!"

मी असते की तिथेच, चहाचा ट्रे हातात घेऊन. हसतेसुद्धा. इतकी वर्षं हसत आले. आणि आतून शिसारी येते. राग मला रोजच येतो, तो वेगळा. त्याला मी भीक घालत नाही, भांडी जरा आपटली की जातो. ही शिसारी पोटातून वर चढते, नासक्या दुधाचा चहा चुकून प्यायल्यावर येते तशी.

गेल्या वर्षी मुलाचं लग्न ठरलं. बोलणी झाली, हॉल बुक झाला, आणि एका संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले हे म्हणाले, "झिलाची पहिली रात्र पण ह्याच खोलीत करायची. पूजा झाली की आपण सगळे बाहेर. बिल्डिंग आता पडणार, म्हणजे ह्या खोलीतली ही शेवटची पहिली रात्र." आणि स्वतःच्याच बोलण्यानं भरून येऊन ह्यांनी चष्मा काढून पुसला. मी तिथेच दाराला टेकून लसूण सोलत होते. माझ्या हातातली पाकळी खाली पडली.

आमची लालबागची खोली दहा बाय बाराची. सासरे गिरणीत होते तेव्हापासूनची. एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, दाराबाहेर लांबलचक गॅलरी आणि गॅलरीच्या पार टोकाला सगळ्या मजल्याचे मिळून संडास. एवढ्याशा खोलीत सासू, सासरे, तीन मुलगे, गावावरून आलेलं कुणी ना कुणी. मग नवीन लग्न झालेल्यांनी जायचं कुठे? तर आमच्या मजल्याची रीत अशी, की लग्नानंतर सत्यनारायण होईपर्यंत नवरानवरीनं लांब राहायचं. पूजा झाली, प्रसाद वाटला, पंगत उठली, की त्या रात्री घरच्यांनी खोली खाली करून द्यायची. चटया, गोधड्या घेऊन सगळे गॅलरीत. शेजारीपण आपल्या पथाऱ्या सरकवायचे, जागा करून द्यायचे. चाळीचा मनाचा मोठेपणा आहे ह्यात, मी नाही म्हणत नाही. एका रात्रीसाठी का होईना, आपली जागा कोण कुणाला देतो मुंबईत?

पण देऊन झोपायचे कुठे? दाराबाहेर. दारापासून हातभर अंतरावर.

मी माहेरची माझगावची. वडील गोदीत कामाला. आम्हा बहिणींना वडिलांसमोर मोठ्यानं शिंकायची चोरी. मला चोविसावं लागलं होतं, एका ऑफिसात टायपिस्ट होते, शॉर्टहँडची परीक्षा दिली होती, आणि नवराबायको म्हणजे नेमकं काय ह्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते एका मैत्रिणीनं जिन्यात दोन मिनिटांत सांगितलेलं होतं. आईनं काय सांगितलं? "ते म्हणतील तसं कर, आणि तोंड हसरं ठेव." झालं माझं शिक्षण.

पूजेच्या रात्री सासूनं खोली झाडून घेतली, चौरंग उचलला, केळीचे खांब मोरीत उभे केले आणि खाली गादी घातली. उदबत्तीचा आणि शिऱ्याच्या तुपाचा वास तसाच होता. मग एकेक करून सगळे बाहेर गेले. सगळ्यात शेवटी चुलतसासरे. जाताना ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नाव राख रे घराण्याचं." बाहेर हशा पिकला. दार लागलं. कडी मी लावली नाही, ह्यांनी लावली. तो कडीचा आवाज झाला आणि बाहेर परत हसले सगळे.

माझ्या हातात हिरवा चुडा, कोपरापर्यंत म्हटलं तरी चालेल. जरा हात हलला की किणकिण. मी काय केलं, रुमाल ओला करून बांगड्यांवर गुंडाळला, दुसऱ्या हाताला ह्यांचा रुमाल. आता ही गोष्ट सांगताना हे म्हणतात, "हिची आयडिया बघा! मोठी हुशार!" लोकांना वाटतं मी किती उतावीळ होते. मी काकुळतीला आले होते. बाहेर सासरे खोकत होते, ते मला उशाशी बसून खोकल्यासारखं ऐकू येत होतं. कुणाचं तरी पोर रडत होतं आणि त्याची आई त्याला म्हणत होती, "झोप मेल्या."

जे व्हायचं ते झालं. मला दुखलं. एवढंच लिहिते, पुढचं लिहायची मला गरज वाटत नाही. मी "थांबा" म्हटलं. एकदाच म्हटलं, हळू, कारण मोठ्यानं म्हणायची सोय नव्हती. हे म्हणाले, "श्श! बाहेर ऐकू जाईल." आणि थांबले नाहीत. थोड्या वेळानं पाठ फिरवून घोरायला लागले. ते घोरणं बाहेर ऐकू गेलं तरी चालत होतं.

मग मला संडासला जावंसं वाटायला लागलं. आता हसायचं असेल तर हसा. पण संडास गॅलरीच्या टोकाला, आणि गॅलरीत सासऱ्यांपासून शेजारच्या तान्ह्या पोरापर्यंत सगळे आडवे पडलेले. त्यांना ओलांडत, नवीन साडी सावरत, चुडा वाजवत मी त्या वेळेला कशी जाणार? मोरीत बसावं तर पाण्याचा आवाज. मी तशीच पडून राहिले. वर पोटमाळ्यावरच्या तांब्याच्या हंड्याकडे बघत राहिले. लग्न म्हणजे हे असेल तर मला परत माझगावला जायचंय, असं मी त्या हंड्याला मनात सांगितलं.

साडेचारला दारावर धपाधप. सासूबाई. "गो, दार उघड, पाणी इला!" पाणी पहाटे तासभरच यायचं आणि पिंप होतं आत, मोरीत. कुणाची पहिली रात्र आहे म्हणून म्युनिसिपालिटी थांबते थोडीच? मी उठले, दार उघडलं. पिंप भरू लागायच्या निमित्तानं एक, दोन, तीन बाया हंडे-कळश्या घेऊन आत. आणि प्रत्येकीनं आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग गादीकडे. समोरच्या खोलीतली म्हणाली, "झोप झाली ना सूनबाई?" सगळ्या खिदळल्या.

मी हसले. दुसरं काय करणार होते? आईनं तेवढंच शिकवलं होतं. गादीवर उठून बसलेले हे ते हसू बघत होते. त्या हसण्यावर ह्यांनी तीस वर्षं काढली.

नंतर ऑफिसात डबा खाताना बायकांच्या टेबलावर कधीकधी हा विषय निघायचा. निघायचा म्हणजे कसा, अर्ध्या वाक्यात. एक म्हणायची, "एकदाचं आटपलं की झोप छान लागते." दुसरी म्हणायची, "माझी तर पाळी आली होती, सुटले बाई आठ दिवस." आम्ही हसायचो, लोणचं इकडून तिकडे द्यायचो. आणि पलीकडच्या टेबलावर पुरुषांचं तेच, पण वेगळंच. प्रत्येकाचं पहिलं म्हणजे काय तर बहार. माथेरान, मोगरा, अमुक नि तमुक. एकानंही कधी म्हटलं नाही की बाबा, मला काही जमलं नाही, मला वाईट वाटलं, ती रडत होती. मी विचार करायची, ह्या टेबलावरच्या सगळ्या बायका ज्या नवऱ्यांबरोबर होत्या, ते नवरे कुठल्यातरी दुसऱ्या टेबलावर असेच बहार सांगत असतील. एकाच रात्रीचे ते दोन हिशेब, आणि कुणी कुणाला विचारलेलं नाही.

आमच्यातली एकच बाई वेगळं बोलली. ती म्हणाली, "माझं छान होतं. ह्यांनी पहिले आठ दिवस नुसत्या गप्पा मारल्या. मग एक दिवस मीच म्हटलं, आता पुरे." मला तर तिचा रागच आला. खोटं बोलतेय, असंच मला वाटलं. घरी जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं की ती खोटं बोलत नव्हती, आणि मग जास्तच राग आला.

असो. तर मुलाच्या लग्नाची तयारी. ह्यांच्या अंगात आलं होतं. खोलीला रंग काढला, पिवळा. दाराला नवी कडी बसवली. हिंदमाताला जाऊन स्वतः चादर आणली, गुलाबी, त्यावर एवढाली फुलं. आणून गपचूप कपाटात ठेवावी की नाही? नाही! गॅलरीत उलगडून मित्रांना दाखवली. "डबलची आहे, हात लावून बघ." एकानं खरोखर हात फिरवून बघितला. शी! अजून जिचे पाय ह्या घराला लागले नाहीत त्या पोरीची ती चादर, आणि हे साठीचे बाप्ये त्यावरून हात फिरवतायत. मी आत जाऊन गॅस मोठा केला आणि उगाचच पोळी करपवली.

मोठी जाऊ वरच्या मजल्यावर राहते. ती लाडू वळायला खाली आली. मालवणच्या बाजूची, तोंडाची फटकळ, पण तिच्यापुढे हा विषय मी कधी काढला नव्हता. त्या दिवशी काढला. तिचीही पहिली रात्र ह्याच खोलीतली, माझ्याआधी सहा वर्षं.

"वैनी, एक विचारू? तुमची पहिली रात्र कशी होती?"

ती बघतच राहिली. "तुका काय झाला गो आज? डोक्यावर पडलंस?"

"सांगा ना. खरं सांगा."

तिनं एक लाडू वळून पुरा केला. मग म्हणाली, "तेराचो पाढो म्हटलंय."

"काय?"

"मनात. तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस. पाढो पुरो होवच्या आत ह्यांचा आटपलेला." आणि स्वतःच फस्सकन हसली. "दोन वर्सां पाढेच म्हणत होतंय. पोरांका गणितात बरे मार्क पडले ते काय उगीच?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला ठसका लागला, बेसनाचं पीठ नाकात गेलं. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि ते पुसणं काही थांबेना. "आणि तुझ्या भावोजींका इचार जा," ती म्हणाली. "सांगतीत, तसा सुख परत कधी गावला नाय." मग पदरानं नाक शिंकरलं. "तुझ्या सुनेचा, ह्या चेडवाचा तरी तसा होव नये गो."

म्हणून त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी ह्यांच्यासमोर बसले. हे बडीशेप चघळत होते, टीव्ही चालू होता. मी टीव्ही बंद केला.

"मुलाची पहिली रात्र ह्या खोलीत करायची नाही," मी म्हटलं.

"का? सगळ्यांची झाली."

"मला माझी आवडली नव्हती."

"माझी काय?"

"रात्र. पहिली."

हे हसले. "चल, काहीतरी! दुसऱ्या दिवशी दात काढून हसत होतीस. सगळ्यांनी बघितलं."

"मग काय करणार होते? रडायला जागा कुठे होती? सगळी गॅलरी भरलेली. मी थांबा म्हटलं होतं तुम्हाला."

"कधी?"

"तेव्हाच."

ह्यांनी खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घालून, वर बघून, चावी कुठे ठेवली ते आठवावं तसं. आणि आठवलं ह्यांना! चेहरा उजळला. "हां, हां! म्हटलं होतंस तू. मी म्हटलं, श्श. बाहेर माणसं होती ना."

बस. एवढंच. ह्यांच्या मते प्रश्न मिटला. माणसं होती म्हणून श्श म्हटलं, ह्यात चुकलं काय? मी "थांबा" का म्हटलं असेल, हा विचार ह्या माणसाच्या डोक्यात तेव्हा आला नाही, मधल्या तीस वर्षांत आला नाही, आणि आत्ता समोर बसून सांगतेय तरी येत नव्हता. मी उठून खिडकीत गेले.

पाठीमागून आवाज आला, "म्हणजे तू इतकी वर्षं नाटक केलंस?" मी खाली रस्त्याकडे बघत होते. "एक चांगली आठवण होती माझी. तिची पण माती केलीस." आणि वळून बघते तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. घ्या! माझ्या त्या रात्रीतसुद्धा दुखणं सापडलं ते ह्यांनाच. मी समजूत काढावी म्हणून हे थांबले होते. मी नाही काढली.

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाले, "तुझं वेगळं होतं. तू जुन्या वळणाची. हल्लीच्या पोरी फॉरवर्ड असतात, त्यांना काय नाय वाटत. तू फक्त तिला आधी समजावून ठेव, की आम्ही बाहेर असू. म्हणजे तिला ऑकवर्ड नको." सासूनं सुनेला समजवायचं, अशी आमच्यात पद्धत आहे. ह्यांनी मला पद्धतीचं काम सांगितलं होतं. बरं, म्हटलं. समजावते. कशी समजावते बघा.

होणारी सून परळला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपी करते. सत्तावीस वर्षांची, स्वतःचं कमावणारी, बोलायला मोकळी. मुलगा ठाण्याला भाड्यानं राहतो, दोघांची ओळख त्यांची त्यांचीच झालेली. मला ती आवडायची. शालू घ्यायला म्हणून मी तिला एकटीलाच हिंदमाताला घेऊन गेले. तिनं वांगी रंगाचा पसंत केला. ब्लाउज शिवायला द्यायचा म्हणून शालू तीच घरी नेणार होती. तिथून आम्ही दादरला चालत आलो आणि एका खानावळवजा हॉटेलात थालीपीठ खायला बसलो. दुपारचे तीन वाजलेले, गर्दी नव्हती.

मी सरळच विषय काढला. "हे बघ, पूजेच्या रात्री तू त्या खोलीत राहायचं नाहीस. तुम्ही दोघं ठाण्याला जा, नाहीतर हॉटेलात जा. घरच्यांचं मी बघते."

"अहो काकू, एक रात्र तर आहे. बाबा किती खूश आहेत त्याच्यावर."

"ते खूश आहेत म्हणूनच सांगतेय."

मग मी तिला सगळं सांगितलं. बांगड्यांचं, थांबा म्हटल्याचं, पाण्याचं, सगळं. वेटर मध्येच दही ठेवून गेला तेवढी थांबले. ती ऐकत होती. थालीपिठाला तिनं हात लावला नाही. माझं सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "काकू, रागावणार नसाल तर एक सांगू? आमची पहिली रात्र... म्हणजे तशी पहिली नाहीये."

मला कळलं. "कधीपासून?"

"झालं वर्ष, दीड वर्ष."

मी रागावले नाही. खरं सांगू? मला बरं वाटलं. हेवा वाटला म्हटलं तरी चालेल. ठाण्याची ती जागा मी बघितलेली. दाराला लॅच, बाहेर चिटपाखरू नाही, आतल्या आत बाथरूम. म्हटलं, सुटली पोर. जे मला मिळालं नाही ते हिला मिळालं. इतकी वर्षं मी त्या गॅलरीला, त्या खोकल्याला, त्या कडीला शिव्या घालत आले होते. ते काही हिच्या वाट्याला नव्हतं.

"मग छान आहे ना सगळं?" मी विचारलं. होणारी सासू असं विचारते का कधी? पण विचारलं.

"तो खूश असतो."

"मी तुला विचारलं."

ती थालीपिठाचे तुकडे करायला लागली. "ठीक असतं. म्हणजे... झालं की तो विचारतो, 'मस्त ना?' मी म्हणते, हो."

"आणि मस्त नसतं?"

तिनं मान हलवली. एवढीशी. ही मुलगी दिवसभर लोकांचे गुडघे हातात धरून विचारते, इथं दुखतं का, इथं दुखतं का, आणि लोक उत्तर देईपर्यंत थांबते. आणि स्वतःचं सांगताना तिला दह्याच्या वाटीकडे बघावं लागत होतं.

"बोलली नाहीस कधी?"

"एकदा सांगायला गेले. त्याचा चेहराच पडला. मग दोन दिवस तो नीट बोललाच नाही. मग मी परत काढलं नाही." मग वर बघून म्हणाली, "मला वाटतं, लग्न झालं की होईल बरं. आता कसं, मनात धाकधूक असते. तुमचं किती दिवसांनी बरं झालं, काकू?"

मला किळस आली. पण ह्या वेळी ह्यांची नाही, चुलतसासऱ्यांची नाही, त्या चादरीवरून हात फिरवणाऱ्याची नाही. माझ्या मुलाची. ज्याला मी भरवलं, न्हाऊ घातलं, बायकांशी नीट बोलावं म्हणून ज्याच्या पाठीत धपाटे घातले, त्याची. मस्त ना, म्हणे! उत्तर आधीच काढून ठेवायचं आणि मग विचारायचं. बंद दार होतं, कुणी खोकत नव्हतं, मुलगी त्याच्या आवडीची होती, तो तिच्या आवडीचा होता. आणि एवढं सगळं असून ती पडून राहून छताकडे बघत होती. पोटच्या पोराची किळस येणं फार वाईट असतं. ती कुठे थुंकताही येत नाही.

आता मी काय म्हणायला हवं होतं? सगळ्या म्हणतात ते, "होतं गं हळूहळू." असं म्हटलं असतं तर ती निवांत जेवली असती, लग्न थाटात झालं असतं, मी वरमाय म्हणून मिरवले असते. दोन आठवडे राहिले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"नाही झालं," मी म्हटलं. "सवय झाली नुसती."

तिनं थालीपिठाची ताटली बाजूला सरकवली.

"त्याला सांग," मी म्हटलं. "लग्नाच्या आधी सांग."

"त्याला वाईट वाटेल, काकू."

"वाटू दे. माझाच आहे, वाईट वाटून मरत नाही."

तिला थोडं हसू आलं. तिनं फोन घेतला, लावला. मला त्याचा आवाज ऐकू आला, "बोल ना, काय झालं?" ती माझ्याकडे बघत होती. तिचे ओठ हलले. मग म्हणाली, "काही नाही. सहज केला. जेवलास का?" आणि ठेवला. डोळे भरून आले तिचे.

मी तिच्या हातावर हात ठेवला. "परत लाव. जे मला सांगितलंस तेवढंच सांग. त्याला ऐकून घेता आलं तर हा शालू घरी ने आणि खुशाल ब्लाउज शिवायला टाक. नाही आलं, तर शालू माझ्याकडे दे. पुढचं मी बघते. तुला कुणी काही बोलणार नाही."

"तुम्ही त्याची आई आहात," ती म्हणाली.

"म्हणूनच."

तिनं परत लावला. ह्या वेळी मी उठले आणि बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिले, तिच्याकडे पाठ करून. समोर एक बाई गजरे विकत होती, तिनं मला दोनदा विचारलं, ताई देऊ का. मी नको म्हटलं. बराच वेळ गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. देवाला मी कधी काही फारसं मागत नाही, पण तेव्हा मागितलं, की त्यानं एकदा तरी, फक्त एकदा, विचारावं की तुला काय हवंय.

ती बाहेर आली. नाक लाल झालेलं होतं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आत्ता हे काय काढलंस. लग्न होऊ दे, मग बोलू."

आणि तिनं शालूची पिशवी माझ्या हातात दिली. मी ती घेतली.